आयरची पट्टी आणि तिच्यानंतरची हत्यारं

वीतभर लांबीची, बोटापेक्षा अरुंद अशी एक लाकडी पट्टी. तिचं एक टोक नुसतं गोलसर आहे. दुसऱ्या टोकाला खाच आहे आणि खाचेच्या दोन बाजूंना दोन शिंगं आहेत, एक लांब आणि एक आखूड. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं की कापताना काहीतरी चुकलं असेल. पण पट्टीचा सगळा विचार त्या असमानपणातच आहे. लांब शिंग गर्भाशयाच्या मुखाच्या छिद्रात टेकवायचं, त्यालाच आस मानून पट्टी एक पूर्ण वेढा फिरवायची, म्हणजे खाचेची कड बाहेरच्या गोलाईवरून बरोबर फिरते आणि पेशी खरवडून घेते. जे. अर्नेस्ट आयर या कॅनडातल्या डॉक्टरांनी १९४७ साली ही पट्टी वैद्यकासमोर ठेवली. गर्भाशयमुखाचा नकाशा एवढ्या कमी रेषांत दुसऱ्या कुणी काढलेला मला माहीत नाही.

तिचं मोल कळायला तिच्या आधीचं पाहावं लागतं. बुखारेस्टचे ऑरेल बाबेश १९२७ मध्ये प्लॅटिनमच्या तारेच्या कडीनं पेशी घेत होते. न्यूयॉर्कमध्ये ग्रीसहून आलेले जॉर्ज पापानिकोलाऊ काचेची नळी आणि रबरी फुगा वापरून योनीतला स्राव ओढून घेत. त्यांच्या पत्नी मेरी यांनी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने या कामासाठी दिले, हे त्या शास्त्राच्या इतिहासात पहिल्या पानावर असायला हवं. पापानिकोलाऊंनी १९२८ मध्ये आपलं निरीक्षण मांडलं तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर त्यांचा ग्रंथ आला आणि जग वळलं. पण नळीत येत होत्या त्या आपोआप गळून पडलेल्या पेशी, जिथून तिथून वाहत आलेल्या आणि बऱ्याचशा जुन्या. आयरनी जागा नेमकी धरली. रोग जिथं सुरू होतो तिथंच पट्टी टेकवायची आणि तिथल्याच ताज्या पेशी आणायच्या.

अशा हत्यारांची तुलना सहसा प्रयोगशाळेच्या टेबलावर होते. मला ती अपुरी वाटते. हत्यार कुठं वापरायचं आहे, कुणाच्या हातानं, आणि त्यानं आणलेला नमुना पुढं कुठल्या रस्त्यानं जाणार आहे, हे ठरल्याशिवाय चांगलं-वाईट ठरत नाही. म्हणून मी वाचनासाठी एक गाव धरलं आहे, दासगाव. महाड तालुक्यातलं, सावित्रीच्या खाडीकाठचं, मुंबई-गोवा महामार्गावरचं. एकेकाळी मुंबईहून महाबळेश्वरला निघालेले साहेब लोक आगबोटीनं या बंदरात उतरत आणि पोलादपूरच्या वाटेनं घाट चढत. आता इथं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सिस्टर आहेत, आशाताई आहेत. घरटी एक तरी माणूस मुंबईत किंवा महाडच्या एमआयडीसीत. आणि तिशी ते साठीच्या दरम्यानच्या स्त्रिया आहेत, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

गर्भाशयमुख म्हणजे इथल्या बायकांच्या बोलण्यातलं ‘पिशवीचं तोंड’. त्याच्या बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचं, अनेक थरांचं अस्तर असतं. आतल्या नळीला उंच, चिकट स्राव पाझरणाऱ्या पेशींचा एकच थर असतो. ही दोन अस्तरं जिथं मिळतात तो सांधा आयुष्यभर एका जागी राहत नाही. वयात आल्यावर, बाळंतपणांच्या काळात तो बाहेर, डोळ्यांना दिसेल असा येतो. पाळी जायच्या सुमारास तो पुन्हा नळीत आत सरकतो. सरकताना मागं जो पट्टा सोडतो, जिथं एका जातीच्या पेशी दुसऱ्या जातीच्या होत असतात, तिथंच मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, घर करतो आणि तिथंच पुढं कर्करोग होतो. हत्यारानं पोचायचं आहे ते या पट्ट्यापर्यंत.

आता आयरची पट्टी पुन्हा हातात घेतली की तिची मर्यादा आपोआप दिसते. तिनं गृहीत धरलेला सांधा तरुण स्त्रीचा आहे. पस्तिशीच्या बाईला ती चपखल बसते. पन्नाशीच्या बाईच्या बाबतीत लांब शिंगसुद्धा आखूड पडतं, कारण जिथं पोचायचं ती जागा आत निघून गेलेली असते. या रोगाचं ओझं तर चाळिशी-पन्नाशीनंतरच वाढतं. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर लाल जायला लागलं म्हणून बाई दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा ती चाळणीची तपासणी राहत नाही, रोगाचं निदान होतं. चाळणी तक्रारीच्या आधी लागते, आणि तक्रार नसलेल्या पन्नाशीच्या बाईपर्यंत आयरची पट्टी नीट पोचत नाही.

पुढची हत्यारं ही या एका उणिवेची उत्तरं आहेत. इंग्लंडमध्ये आयल्सबरी पट्टी आली. तिचं टोक लांबट, निमुळतं, नळीत आणखी आत जाणारं. मग आला नळीचा ब्रश, पिळलेल्या तारेभोवती नायलॉनचे बारीक केस बसवलेला. तो नळीत सरकवून जेमतेम पाव ते अर्धा वेढा फिरवायचा. जास्त फिरवला तर रक्त येतं आणि रक्ताच्या आड पेशी दडतात. गरोदर बाईला तर तो लावायचाच नाही. हा ब्रश आतलं उत्तम आणतो, बाहेरचं जवळजवळ काहीच नाही, म्हणून त्याला पट्टीची जोड लागते. एका तपासणीला दोन हत्यारं, दोनदा स्पर्श, आणि काचेवर दोन्ही नमुने सुकायच्या आत पसरण्याची घाई.

तिसरं उत्तर मला सर्वांत देखणं वाटतं. हॉलंडच्या रोव्हर्स कंपनीचा सर्व्हेक्स ब्रश घ्या. दिसायला आपल्या घरातल्या कुंच्यासारखा, फक्त बोटाएवढा आणि मऊ प्लॅस्टिकचा. मधले केस लांब, दोन्ही बाजूंचे उतरत आखूड. मधले नळीत शिरतात, बाजूचे बाहेरच्या गोलाईवर टेकतात. आयरच्या दोन शिंगांचाच विचार इथं लवचीक झाला आहे. लाकडाला एकच आकार ठाऊक होता, हे केस मात्र समोरच्या मुखाप्रमाणे वाकतात, पहिलटकरणीचं असो वा चार बाळंतपणं झालेलीचं. आणि एक बारकावा असा की या केसांच्या कडा एका बाजूनं तिरक्या कापलेल्या असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पाच वेळा फिरवला तरच त्या कडा पेशी उचलतात. उलट फिरवला तर नुसते पुसून निघतात. ही दिशा शिकवायला पाच मिनिटं पुरतात. शिकवली नाही, तर उत्तम हत्यार हाती असूनही नमुना रिकामा जातो.

या सगळ्यांची मोठी एकत्र तुलना १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, मार्टिन-हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून त्यांनी दाखवलं की लांब टोकाच्या पट्ट्या आयरच्या पट्टीपेक्षा सरस आहेत, नळीतल्या पेशी आणण्यात आणि विकृत पेशी सापडण्यातही. पट्टीला ब्रशची जोड दिली तर आणखी चांगलं. अर्धशतकभर जगातली बहुतेक केंद्रं ज्या पट्टीवर विसंबली, ती या यादीत तळाला गेली.

तरी या तुलनेतल्या एका मापाबद्दल मला थांबून बोलायचं आहे. अनेक अभ्यासांत हत्याराची गुणवत्ता नळीतल्या पेशी आल्या की नाही यावर मोजली गेली. त्या दिसल्या म्हणजे सांध्यापर्यंत पोचलो, असा तर्क. तर्क रास्त आहे. पण ज्या बायकांच्या काचेवर नळीतल्या पेशी नव्हत्या त्यांच्यावर पुढं काही वर्षं नजर ठेवली गेली, तेव्हा त्यांच्यात रोग जास्त निघाला नाही. म्हणूनच पेशींचा अहवाल लिहिण्याच्या २००१ च्या बेथेस्डा पद्धतीत या पेशींची नोंद करायला सांगितली, पण त्या नाहीत म्हणून नमुना बाद करायला सांगितलं नाही. पुरेशा नमुन्याची अट वेगळी ठेवली: काचेवर ओढलेल्या साध्या नमुन्यात अंदाजे आठ ते बारा हजार चपट्या पेशी स्वच्छ दिसाव्यात. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. हत्यारानं किती आणलं हे मोजायला सोपं असतं. आणलेल्यातून रोग किती सापडला हे मोजायला वर्षं जातात, पण खरी तुलना तीच.

आता टोकाकडून काचेकडे. नमुना पट्टीवर आला म्हणजे काम झालं नाही. तो काचेवर एका हातानं, एकसारखा, पातळ पसरावा लागतो आणि क्षणभरात अल्कोहोलमध्ये बुडवावा लागतो. खोलीत पंखा फिरत असेल, सिस्टरला कुणी हाक मारली, काच दोन-तीन श्वास जास्त उघडी राहिली, की पेशी वाळतात, फुगतात, त्यांची केंद्रकं धूसर होतात. मग पापानिकोलाऊंचे सुंदर रंग, तो गुलाबी, तो नारिंगी, ती निळसर हिरवी छटा, काही उपयोगाचे राहत नाहीत. शिवाय पट्टीवर आलेल्या ऐवजातला बराचसा पट्टीबरोबरच टाकून दिला जातो. लाकडाचा खरखरीतपणा पेशी उचलायला मदत करतो, पण तेच लाकूड पेशी सोडत नाही. नंतर जेव्हा नमुना द्रवाच्या बाटलीत घेण्याची पद्धत आली तेव्हा लाकूड याच कारणानं मागं पडलं. बाटलीत कुंच्याचं डोकंच सोडून द्यायचं, किंवा तळाशी दहा वेळा दाबून खळबळून काढायचं. घाई संपली, पसरण्याचं कसब संपलं, वाळण्याची भीती संपली.

दासगावच्या दृष्टीनं हे लहान नाही. जुलैत सावित्रीला पूर आला की महाड पाण्यात जातं, रस्ते तुटतात. २००५ च्या जुलैत दासगाव-जुई-कोंडिवते-रोहन या गावांवर दरडी कोसळल्या आणि खुद्द दासगावनं आपली माणसं गमावली. या भागात ‘उद्या पाठवू’ म्हटलेला नमुना आठवड्यानंही निघू शकतो. तेव्हा नमुना किती दिवस टिकतो हा हत्याराचा गुण आहे, टोकाच्या आकाराइतकाच.

आणि काच टिकली, पोचली, तरी ती वाचणारा डोळा हवा. पेशींचं वाचन ही कला आहे. हजारो निर्दोष पेशींमधून दोन-चार काळपट, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी हुडकायच्या. असे डोळे तयार व्हायला वर्षं लागतात आणि ते शहरांत राहतात. म्हणून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं नमुनाच नको असलेली तपासणी निवडली: कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक आम्ल लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. सिस्टर तिला ‘व्हीआयए’ म्हणतात. बोळा, म्हटलं तर सर्वांत साधं हत्यार. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाच्या सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून हीच तपासणी करवून घेतली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बोळ्याला कमी लेखणाऱ्यानं हा आकडा आधी वाचावा. निकाल त्याच क्षणी, बाई टेबलावरून उतरायच्या आत मिळतो. पण आम्ल जिथं दिसतं तिथंच बोलतं. सांधा आत गेलेल्या पन्नाशीच्या बाईत ते गप्प राहतं. आयरच्या पट्टीची उणीव इथं तशीच उरते.

तुलनेची दिशाच बदलणारं काम मात्र महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात झालं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ च्या ऑक्टोबरात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना घेऊन ते सुरू केलं. चार गट केले: एकात एचपीव्हीची डीएनए तपासणी, एकात पॅप, म्हणजे पापानिकोलाऊंच्या पद्धतीनं काचेवरच्या पेशींचं वाचन, एकात व्हीआयए, आणि एक गट नेहमीच्या सेवेवर. तपासणी एकदाच. आठ वर्षं पाठपुरावा. शंकरनारायणन् आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात या कर्करोगानं ६४ जणी गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ जणींच्या गटात ३४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत खात्रीनं सांगता येईल इतकी घट दिसली नाही. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढं नैतिक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप या आकड्यांच्या शेजारीच वाचले पाहिजेत असं माझं मत आहे, कारण ६४ हा आकडा बायकांचा आहे.

हत्यारांच्या वाचकाला या निष्कर्षात एक वेगळी गोष्ट दिसते. पॅपला पेशीचा चेहरा हवा असतो. त्यासाठी नेमक्या जागेची, न चिरडलेली, न वाळलेली पेशी आणावी लागते, म्हणून टोकावर एवढी कारागिरी. एचपीव्हीच्या तपासणीला विषाणूचा डीएनए पुरतो. पेशी चिरडली तरी चालते, थोडी बाजूची असली तरी चालते. हॅराल्ड झुर हाउसेन यांनी या कर्करोगामागं एचपीव्ही आहे हे दाखवलं, त्यासाठी २००८ चं नोबेल मिळालं. त्या शोधानं रोगाचं कारण कळलंच, शिवाय अर्धशतकभर टोकावर असलेला भारही हलका झाला. आणि टोक सैल झालं तसा मुठीचा प्रश्न पुढं आला: हत्यार धरणारा हात डॉक्टरचाच का असावा?

इथपर्यंतच्या पट्टी, ब्रश, कुंचा आणि बोळा या सगळ्या हत्यारांच्या आधी एक हत्यार येतं, ज्याच्याशिवाय ती चालत नाहीत. योनी उघडी धरणारं स्पेक्युलम. आपल्या ट्रेमध्ये आजही सिम्सचा आणि कुस्कोचा असे दोन प्रकार असतात. अमेरिकेतल्या अलाबामात १८४५ च्या सुमारास मॅरियन सिम्सनं चमच्याचा दांडा वाकवून पहिल्याची सुरुवात केली आणि भूल न देता ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या त्या ॲनार्का, ल्यूसी आणि बेट्सी गुलाम स्त्रिया होत्या. थंड धातू, पाय वर, दाराशी पडदा, बाहेर ओळखीच्याच गावातल्या बायका रांगेत. दासगावच्या बाईला तपासणी नको असते ती पट्टीमुळे नव्हे, या सगळ्यामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणींनी ही तपासणी कधी केल्याचं सांगितलं. टोकांच्या तुलनेत जिंकणारं कुठलंही हत्यार या आकड्यापुढं अपुरं आहे.

म्हणून स्वतःचा नमुना स्वतः घेण्याची हत्यारं मी सर्वांत लक्षपूर्वक पाहते. त्याच रोव्हर्स कंपनीचा एव्हलिन ब्रश हे त्यातलं एक. पारदर्शक नळी, आत मिटलेले केस, आणि नळीवर दोन पंख. पंख अंगाला टेकले की खोली पुरेशी झाली, पुढं जायचं नाही. मागची गुलाबी दांडी दाबली की केस बाहेर येतात. मग दांडी पाच वेळा फिरवायची, आणि प्रत्येक वेढ्याला टक् असा आवाज येतो. डॉक्टरच्या हातातल्या कुंच्यालाही पाचच वेढे होते, पण ते मोजायचे डॉक्टरनं. इथं जिला दिसत नाही, जिनं हे आधी कधी केलेलं नाही, ती कानानं मोजते. पंख खोली सांगतात, आवाज वेढे सांगतो. बाईला शिकवण्याऐवजी हत्यारालाच शिकवलेलं आहे. दुसरं एक इटलीतल्या कोपान कंपनीचं, लांब काडीवर नायलॉनचे आखूड तंतू उभे रोवलेला बोळा. कापसाच्या बोळ्यात पेशी गुंत्यात अडकतात, या उभ्या तंतूंतून त्या सहज सुटतात. तो आणखी साधा, पण खोलीची खूण बाईनं डोळ्यांनी पाहायची. दासगावसाठी मला एव्हलिन पुढचा वाटतो. शिवाय तो कोरडाच झाकण लावून ठेवता येतो. द्रवाची बाटली सांडायची भीती नाही, घाट बंद असला तरी नमुना वाट पाहू शकतो.

यात एक सावधगिरी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे वाचन प्रामाणिक होणार नाही. स्वतः घेतलेल्या नमुन्यात पेशी कमी असतात. २०१८ मध्ये आर्बिन आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’मध्ये दाखवलं की डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर पद्धतीच्या चाचण्या अशा नमुन्यावर डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याइतक्याच रोग पकडतात, पण डीएनएची संख्या न वाढवता फक्त संकेत मोठा करणाऱ्या चाचण्या मागं पडतात. उस्मानाबादेत वापरलेली हायब्रिड कॅप्चर ही या दुसऱ्या जातीतली होती. तेव्हा उस्मानाबादचा आकडा दाखवून कुठलीही चाचणी आणि कुठलाही ब्रश एकत्र बांधता येणार नाही. हत्यार आणि चाचणी जोडीनंच निवडावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही डीएनए तपासणीची शिफारस केली, आणि नमुना बाईनं स्वतः घेतला तरी चालेल असं सांगितलं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यांत पोचलेलं आहे, आणि त्यावर एचपीव्हीच्या आठ घातक प्रकारांची चाचणी आहे. म्हणजे वाचणारा डोळा शहरात आणि नमुना गावात, हे अंतर आता कमी करता येण्यासारखं आहे.

परिस्थिती ओळखून उपाय निवडणं महाडला नवं नाही. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध लागू केलं, आणि १९८६ मध्ये त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्या औषधाची मोठी गोष्ट अशी की ते तिथंच, गोळीच्या रूपात, रात्रीच्या वेळीही देता येत होतं. मी नमुन्याच्या हत्यारांकडे याच कसोटीनं पाहते.

स्वतः घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडला तर बाईला एकदा तरी टेबलावर यावं लागणारच. तेव्हा आम्ल लावून पाहणं, गरज पडल्यास दुर्बिणीतून पाहणं, आणि दोष दिसला तर हातात मावणाऱ्या उपकरणानं तो भाग तिथल्या तिथं तापवून जाळणं, ज्याला फार वेळ लागत नाही. हे महाडपर्यंत आणता येतं. पण त्या आधी निकाल तिच्यापर्यंत पोचला पाहिजे, आणि इथं हत्याराचा सर्वांत दुर्लक्षित भाग येतो, नळीवरची चिठ्ठी. डॉक्टरनं नमुना घेतला तर नाव, चेहरा आणि काच एका खोलीत असतात. घरी घेतलेल्या नमुन्यात फक्त चिठ्ठी असते. एकेका वाडीत एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या तिघी-चौघी असतात. नाव आधारवर एक आणि घरात दुसरं. मोबाइल नंबर म्हणून जो लिहून दिला जातो तो बहुतेकदा मुंबईला असलेल्या नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, आणि निकालाचा संदेश तिच्याआधी त्याला मिळतो. ‘विषाणू आढळला’ एवढंच वाचून त्याला काय वाटेल, तो घरी फोन करून काय विचारेल, याचा विचार कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नाही. म्हणून चिठ्ठीवर तिचं पूर्ण नाव, वाडी, वय आणि तिच्या वस्तीच्या आशाताईचा नंबर असावा, आणि निकाल आशाताईनं घरी जाऊन तिच्या एकटीच्या कानावर घालावा.